राजा कुणाला घाबरतो?

सोनटक्के आमच्या रविवारच्या गटात आले तेव्हा आम्हाला वाटलं, चुकून आले असतील. पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी प्रत्येक खोलीत काही ना काही चालू असतं. खाली योगासनं, वर ज्येष्ठांचं भजन आणि मागच्या लहानशा खोलीत आम्ही. आम्ही म्हणजे अद्भुत कादंबऱ्या वाचणारी आणि गुपचूप लिहिणारी थोडीशी माणसं. त्यात कॉलेजात जाणारा कौस्तुभ, एक दंतवैद्य आणि माझ्यासारख्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या दोघी-तिघी. राजे, चेटकिणी, उडते सर्प, हरवलेल्या तलवारी असला सगळा आमचा कारभार. पन्नाशीपुढचं माणूस त्या खोलीकडे कधी फिरकलं नव्हतं. आणि त्या दिवशी दारात सत्तरीकडे झुकलेला, उंच, रुंद खांद्यांचा एक माणूस उभा होता. इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट, पट्टा, पॉलिश केलेले बूट. तेही रविवारी सकाळी.

"भजन वरच्या मजल्यावर आहे, काका," कौस्तुभ म्हणाला.

"माहीत आहे. मी इथंच आलोय. येऊ का आत?"

आवाज इतका हळू की आम्हा सगळ्यांनाच थोडं पुढं वाकावं लागलं. दार सताड उघडं होतं, तरी 'या' म्हटल्याशिवाय ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

त्या दिवशी आम्ही एका जाडजूड कादंबरीवर बोलत होतो. तिच्यातला राजा शेवटी स्वतःच्याच राज्यातली गावं पेटवून देतो. आम्ही तासभर तिथल्या जादूवर, लढायांवर, सर्पांच्या जातींवर वाद घातला. सोनटक्के भिंतीलगतच्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. निघताना मी उपचार म्हणून विचारलं, "सर, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"म्हणायचं काही नाही. एक विचारायचं होतं. हा राजा कुणाला घाबरतो?"

कौस्तुभ हसला. "राजा कसला घाबरतोय काका! त्यालाच सगळे घाबरतात."

"ते दिसतंच की. तो कुणाला घाबरतो, ते विचारलं मी."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुस्तक सगळ्यांनी संपवलं होतं, काहींनी दोनदा.

त्यानंतर ते दर रविवारी येऊ लागले. पुस्तक कुठलंही असो, प्रश्न तोच. हळूहळू आम्हालाही सवय लागली. कुणी नवा राजा खोलीत आणला की दुसरा कुणीतरी सोनटक्क्यांच्या आधीच विचारायचा, आणि सगळे हसायचे. ते हसायचे नाहीत. खाली मान घालून बुटाच्या टोकाकडे बघत राहायचे.

विश्वंभर सोनटक्के एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा, सून, नात याच शहरात, पण दिघीला. पुनावळे आणि दिघी म्हणजे शहराची दोन टोकं. तरी शहर एकच. त्यांच्याकडे कुणी आल्याचं वॉचमनलाही आठवत नव्हतं. लिफ्ट आली आणि आत माणसं दिसली की ते बाहेरच थांबत. "तुम्ही व्हा पुढं." एकदा मी विचारलं, असं का करता? म्हणाले, "मी आत गेलो की माणसं बोलायची थांबतात. कशाला उगाच." मला ते खरं वाटलं नाही. सोसायटीत त्यांना ओळखत होतं कोण? पण तीसेक वर्षं ज्याच्या येण्यानं माणसं गप्प झाली, त्याला सगळीकडच्या शांततेचं कारण आपणच आहोत असं वाटत असावं.

चहा मात्र ते फार चांगला करत. आलं किसून नव्हे, ठेचून घालायचे आणि कप समोर ठेवल्यावर आपण उभेच राहायचे. "बसा ना सर," म्हटलं की दचकून बसत, घर दुसऱ्याचं असल्यासारखे.

त्यांच्या घरात एक खोली पुस्तकांची होती. मुलाची, मंदारची. लग्नाआधीच तो घर सोडून गेला, तेव्हा पुस्तकं बापाकडेच राहिली आणि त्यांच्याबरोबर या घरात आली. मराठी, इंग्रजी, बहुतेक सगळी अद्भुत. निवृत्तीनंतर सोनटक्क्यांनी ती एकेक करून वाचायला घेतली. इंग्रजी यथातथाच, म्हणून मांडीवर शब्दकोश घेऊन.

"पोरगं शाळेतनं आलं की खोलीत शिरायचं, दार लावून घ्यायचं," ते मला एकदा म्हणाले. "मला वाटायचं, टाइमपास करतंय. एकदा तर पुस्तकं गच्चीवरून खाली टाकली होती मी. घर मोकळं झाल्यावर म्हणलं, बघू तरी, काय वाचत होतं ते. तर ताई, ह्याच्यातही राजा, त्याच्यातही राजा. दरबारात आला की सगळे उठून उभे. कुणी वर बघत नाही. रात्री याला झोप नाही." कप बशीत ठेवून ते थांबले. "माझा पोरगा माझ्याच घरात, दार लावून, माझ्याबद्दल वाचत होता."

ते उठून पुन्हा चहा टाकायला गेले.

त्या सुमारास मी माझी कादंबरी लिहीत होते. शिलावर्त नावाचं राज्य आणि त्याचा क्रूर राजा उग्रकेतू. पहिले दहा-बारा अध्याय मी सोनटक्क्यांना वाचायला दिले. आठवड्यानं त्यांनी कागद परत केले. कुठंही घडी नाही, खूण नाही.

"चांगलं लिहिता तुम्ही," ते म्हणाले. "पण हे नाव. उग्रकेतू. बारशालाच ठेवलं?"

"हो. का?"

"म्हणजे आईबापाला आधीच माहीत होतं?"

मी हसले, पण थोडी दुखावलेही. ते पुढं म्हणाले, "तुमचा राजा पहिल्या पानापासून क्रूर आहे. काळा महाल, काळा घोडा. त्याला सोपं आहे ओ सगळं. जन्मतःच तसा असेल तर त्याचा दोष काय? त्यानं पहिल्यांदा कुणाला भीती घातली, तो दिवस कुठाय?"

"तो दाखवायलाच हवा का?"

"तेवढाच दाखवायला पाहिजे. बाकीचं आपोआप होतं."

आणि मग त्यांनी स्वतःचा तो दिवस सांगितला. न अडखळता, न आवाज चढवता, जणू मशीनचा बिघाड समजावून देत होते.

ते परभणीकडचे. आयटीआय करून फिटर म्हणून भोसरीला आले. पुढं चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गेले आणि हुशारीवर चढत चढत प्लँटचे प्रमुख झाले. मालकाचा विश्वास होता. हाताखाली मात्र सगळे डिग्रीवाले. खुर्ची मिळाली त्या दिवसापासून त्यांना वाटायचं, हे कुणीतरी चुकून दिलंय. आज ना उद्या कुणीतरी येऊन म्हणेल, उठा.

"एका मीटिंगमधे एक नवा इंजिनिअर पडद्यावर आलेख दाखवत होता. मी मधेच काहीतरी विचारलं. इंग्रजी शब्द होता, माझ्या तोंडून दुसराच निघाला. तो हसला. मोठ्यानं नाही. नुसता ओठाचा कोपरा हलला. कुणाच्या लक्षातही आलं नसंल. दुसऱ्या दिवशी तो लाईनवर हेल्मेट काखेत घेऊन उभा दिसला. झालं. सगळ्या लाईनसमोर त्याला असा काही झाडला मी... काय बोललो ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की मी थांबलो तेव्हा पत्रा कापणाऱ्या प्रेस चालू होत्या आणि माणसं गप्प होती."

"मग?"

"मग काही नाही. ती शांतता मला आदर वाटली." ते खिडकीबाहेर बघत होते. खाली हायवेच्या सर्व्हिस रोडला ट्रकांची रांग लागली होती. "मी घाबरून बंद केलं असतं कदाचित. पण त्या दिवशी माल जास्त निघाला. मालकाचा फोन आला, शाबास विश्वंभर. भीतीनं काम होतं ताई, हीच तर अडचण आहे. होत नसतं, तर कुणी ती वापरलीच नसती."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. ज्याला दबकावलं तो आपल्या पाठीमागं काय बोलत असेल, याची चिंता सुरू झाली. ते कळावं म्हणून दोन माणसं जवळ केली. ती माणसं बातमी आणायची, आणि नसली त्या दिवशी बनवून आणायची, कारण रिकाम्या हातानं साहेबांसमोर जायची त्यांनाही भीती. मीटिंगमध्ये प्रश्न विचारणारे एकेक करून कंपनी सोडून गेले. राहिले ते मान डोलावणारे. आणि घरी यायचे ते हाच माणूस घेऊन. बदलायला वेगळा माणूस राहिलाच नव्हता.

"शेवटी एका प्रेसची जाळी नीट बसत नव्हती. हात आत जाऊ नये म्हणून असते ती. चालवणाऱ्याला माहीत होतं. फोरमनला माहीत होतं. मला सांगितलं असतं तर लाईन थांबवावी लागली असती, आणि लाईन थांबली की मी काय करतो ते सगळ्यांना ठाऊक. कुणी सांगितलं नाही. चालवणाऱ्याची दोन बोटं गेली."

त्यांनी स्वतःचे पंजे गुडघ्यांवर पालथे ठेवले होते.

"चौकशीत मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, साहेब, तुम्ही रागावला असता."

मी घरी येऊन सगळे अध्याय बाजूला ठेवले आणि राजा नव्यानं लिहायला घेतला. आता तो आधीच्या राजाचा धाकटा, नकोसा मुलगा होता. थोरला लढाईत गेल्यामुळे गादीवर बसलेला. दरबाराची जुनी लिपी त्याला वाचता येत नव्हती, आणि आज्ञापत्र मोठ्यानं वाचून दाखवताना एक तरुण लेखनिक किंचित हसतो, एवढाच प्रसंग. रविवारी मी तो वाचला. कौस्तुभ म्हणाला, "आता मला याची भीती वाटायला लागली. आधी नव्हती वाटत." सोनटक्के त्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून गेले.

त्यानंतर काही दिवसांनी एक प्रसंग घडला. थेरगावात डांगे चौकाच्या जवळ एक जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. तिथं जायला मी निघाले होते. सोनटक्के म्हणाले, मीही येतो. पुस्तकं घेऊन आम्ही बाजारातून गाडीकडे येत होतो. संध्याकाळची गर्दी, भाज्यांच्या हातगाड्या, रिक्षांचे भोंगे. एका रसाच्या गाड्यामागं पन्नाशीचा एक माणूस स्टुलावर बसून निवांत चहा पीत होता. त्याची नजर सोनटक्क्यांवर गेली आणि तो ताडकन उठून उभा राहिला. चहाचा कप त्यानं पाठीमागं लपवला. आधी मला हसूच आलं. मग तो कप धरलेला हात मला बाजूनं दिसला. त्याला शेवटची दोन बोटं नव्हती.

"नमस्कार साहेब."

सोनटक्के जागीच थांबले. "लहू?"

"व्हय साहेब." लहू ताठ उभा होता. त्याच्यामागं गिऱ्हाईक रस मागत होतं, त्याचं तिकडं लक्ष नव्हतं. "बरं हाय ना साहेब? आमचं बी बरं हाय. गाडा घातलाय. पोरगं हाताशी आलं."

"लहू, तुझा हात..." सोनटक्के म्हणाले.

"काय न्हाई साहेब! कवाच बरा झाला." लहू घाईघाईनं म्हणाला. "तवा माझीच चूक व्हती. आमी ध्यान द्याया पायजे व्हतं. तुमचा काय बी दोष न्हाई, मी सगळ्यांना तसंच सांगतो."

सोनटक्क्यांचा चेहरा पाहवेना. ते एक पाऊल पुढं झाले आणि लहू तेवढंच पाऊल मागं गेला, गाड्याला टेकला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर पाहता आला असता.

"अरे बस, लहू," सोनटक्के म्हणाले. "बस खाली. चहा पी तुझा."

लहू बसला. लगेच. पाठ सरळ, गुडघे जुळवलेले, आणि त्यांच्याकडे बघत त्यानं चहाचा घोट घेतला, कारण तसं सांगितलं गेलं होतं.

मायेनं म्हणायला गेलेले शब्द हुकूम होऊन बाहेर पडले, हे सोनटक्क्यांना कळलं. त्यांनी हात जोडले. ते पाहून लहू पुन्हा उठून उभा राहिला. मग मीच त्यांना दंडाला धरून गाडीकडे आणलं. निघताना लहू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्याडम, साहेब कशापायी आलते? काय चौकशी निघाली का?"

गाडीत, डांगे चौक मागं गेल्यावर सोनटक्के म्हणाले, "माफी मागायची होती ओ. पण ती ऐकायला समोर माणूस हवा. लहू कुठं होता तिथं? तिथं नुसती माझी भीती उभी होती."

पुढच्या रविवारी माझ्या राजाच्या शेवटावर चर्चा निघाली. सगळ्यांचं मत एक होतं, मरायला पाहिजे. कौस्तुभला उडत्या सर्पानं त्याला गिळावं असं वाटत होतं. दंतवैद्यांना विषप्रयोग पसंत होता. सोनटक्के म्हणाले, "नका मारू."

"सर, तुम्हाला त्याची दया येते?" मी विचारलं.

"दया नाही. मेला की सुटला तो. आणि तुमचे वाचकही सुटले. राज्य काढून घ्या त्याचं, हत्ती-घोडे काढून घ्या, आणि त्याला त्याच गावात राहू द्या. बाजारात जाऊ द्या. तो भाजी घ्यायला उभा राहिला की माणसं बाजूला होतील. तो म्हणेल, अरे मी आता कुणी नाही. तरी होतील. ते त्याला बघू द्या."

"किती दिवस?" कौस्तुभनं विचारलं. त्याचा आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता.

"जगेल तोवर."

त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, दिघीला येता का माझ्याबरोबर? एकट्याचं धाडस होत नव्हतं, हे उघड होतं. मंदारला त्यांनी फोन केला होता आणि तो 'या' म्हणाला होता.

मंदार लष्कराच्या हद्दीच्या भिंतीजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. लिफ्ट नव्हती. आम्ही जिना चढून वर पोचलो तर बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. मंदार चाळिशीचा, वडिलांसारखाच उंच, पण खांदे पुढं आलेले. "या बाबा," तो म्हणाला. मला नमस्कार केला. सून स्नेहल पाणी आणि चहा घेऊन आली. सगळं नीट, अदबीनं.

आत फरशीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी पालथी पडून, पाय हवेत हलवत चित्र काढत होती. ओवी. मंदारनं तिच्याकडे नुसतं एकदा पाहिलं. ती उठून बसली. रंगीत खडू डबीत भरले, फ्रॉक गुडघ्यांवर ओढला आणि सोफ्याच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आजोबांना तिनं आयुष्यात फारसं पाहिलंही नव्हतं. ती शिकली होती ते बापाच्या चेहऱ्यावरून.

सोनटक्क्यांनी ते पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

"तुझी पुस्तकं वाचली," ते मंदारला म्हणाले.

"कुठली?"

"तू ठेवून गेलास ती. मोठी मोठी सगळी झाली. थोडी राहिलीत."

"इंग्रजी पण?"

"डिक्शनरी घेऊन."

मंदारच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. कुणाला तरी आपलं गुपित खेळणं सापडलं, तसं. मग ते गेलं. "बाबा, तुम्ही कशासाठी आलात?"

"माफी मागायला."

स्नेहल ओवीला घेऊन आत गेली. मीही उठू लागले, तर सोनटक्क्यांनी हातानं थांबवलं. मंदार बोलला तेव्हा आवाज वडिलांसारखाच हळू होता.

"माझा तुमच्यावर राग नाही बाबा. खरंच नाही. आई गेली तेव्हा होता. मग ओवी झाली, मी स्वतः बाप झालो, कधीतरी गेला तो. माफ करण्यासारखं काही राहिलेलं नाही माझ्याकडे. पण आत्ता जिन्यात तुमचे बूट वाजले ना, तर मी दाराशी येऊन उभा राहिलो, बेल वाजायच्या आधी. म्हणजे तुम्हाला थांबावं लागू नये. माझं मलाच कळलं नाही मी कधी उठलो ते. आता त्याला मी काय करू?"

"काही नको करू," सोनटक्के म्हणाले.

त्यांनी चहा संपवला. कप आत ठेवायला उठले, तर मंदार झटकन पुढं आला, "राहू द्या, राहू द्या." तीच घाई, लहूसारखी. आम्ही निघालो. ओवीनं आतून "टाटा आजोबा" म्हटलं, सांगितल्यासारखं.

भोसरीचा पूल उतरताना ते म्हणाले, "राग असता तर बरं होतं. रागावणारा माणूस कधीतरी भांडतो तरी तुमच्याशी."

पण गोष्ट तिथंच संपली नाही, हेही सांगायला हवं. महिन्याभरानं एका रविवारी वाचन चालू असताना सोनटक्क्यांचा फोन वाजला आणि ते घाईनं बाहेर गेले. परत आले तेव्हा कान लाल झाले होते. ओवीचा फोन होता. बाबांनी सांगितलं की आजोबांना राजा-राक्षसांच्या खूप गोष्टी माहीत आहेत, तर एक सांगा. मग रोज संध्याकाळी तो फोन येऊ लागला. वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांची भेळ करून ते तिला गोष्ट सांगत, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन त्याचा वृत्तांत देत.

"काल काय म्हणाली माहितीये? आजोबा, परवा तुम्ही राजाला तीन बहिणी सांगितल्या होत्या, आज दोनच कशा? खोटं सांगू नका." हे सांगताना त्यांचा चेहरा मानपत्र मिळाल्यासारखा होता. "फोनवर ती मला भीत नाही. मी दिसत नाही ना."

ती एकदोनदा पुनावळ्यालाही आली. मंदार सोडून गेला. त्या दिवशी सोनटक्क्यांनी घरात चपलासुद्धा घातल्या नाहीत, अनवाणी हळूहळू फिरत होते. तरी ओवी सोफ्याच्या कडेलाच बसली. घरी पोचल्यावर तिनं लगेच फोन केला आणि उरलेली गोष्ट ऐकली. ते बाल्कनीत उभे राहून सांगत होते. खालून जाताना मी पाहिलं, तर मोकळ्या हातानं हवेत राक्षस केवढा होता ते दाखवत होते. बघायला कुणी नव्हतं.

पुढं छातीचं दुखणं निघालं आणि ते परभणीला बहिणीकडे गेले. "तिकडं मला विशू म्हणणारं एक माणूस आहे अजून," म्हणाले. मंदारनं आमच्याकडे राहा म्हटलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. "त्याला रोज दाराशी उभं ठेवू काय?" ते तिकडंच गेले, म्हणजे वारले, हे मला मंदारनं कळवलं. ओवीचा फोन त्या दिवशीही येऊन गेला होता, असं तो म्हणाला. माझी कादंबरी अजून चालू आहे. तिच्यातला राजा म्हातारा झालाय.

परभणीला जायच्या आधी एकदा ते मला दिसले, तेच मनात राहिलंय. दुपारची वेळ होती. हायवेच्या कडेला, जिथं चाकणच्या दुसऱ्या शिफ्टच्या कंपनीच्या बस थांबतात, तिथं सिमेंटच्या बाकावर ते बसले होते. आजूबाजूला कंत्राटी कामावर जाणाऱ्या बायकांचा घोळका, गळ्यात ओळखपत्रं, हातात डबे. माझी गाडी सिग्नलला अडकली होती, काच खाली होती.

एक ठेंगणी-ठुसकी बाई बाकापाशी आली आणि करवादली, "ओ आजोबा, ती पिशवी काय झोपायला आणलीय का? उचला की! माणसांनी बसायचं कुठं?"

सोनटक्क्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"आणि जरा सरका. सगळा बाक तुमच्याच नावावर हाय व्हय?"

ते सरकले. ती बसली, पुटपुटतच. मग केस सुटले म्हणून तिनं आपला डबा त्यांच्यापुढं केला, "धरा हो जरा," आणि दातांत पिन धरून दोन्ही हातांनी अंबाडा घालू लागली. घालता घालता शेजारणीशी कुठल्याशा सुपरवायझरवरून भांडत होती. सोनटक्के डबा धरून बसले होते आणि तिचं बोलणं ऐकत होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बोलायचं कुणी थांबलं नव्हतं.

हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं होतं. 'सर' म्हणावं लागलं असतं. मी काच वर केली.

बस आली. बाईनं डबा हिसकून घेतला आणि न बघता धावत सुटली. बाक रिकामा झाला. सोनटक्के तसेच बसून राहिले, एका टोकाला, उरलेली जागा मोकळी ठेवून.